गुडघ्याची सूज उतरली, तरी गोळी का?

पत्र

डॉक्टरताईंना नमस्कार. आम्ही बडोद्याला दांडिया बाजारात राहतो. माझी मुलगी सहा वर्षांची आहे. होळीनंतर तिचा डावा गुडघा सुजला. कमाटीबागेत घसरगुंडीवरून पडली होती, म्हणून मार लागला असेल असं वाटलं. तेल लावलं, शेकलं, हाडवैद्याकडून पट्टी बांधून आणली. सकाळी लंगडायची आणि दुपारी खेळायला लागायची, त्यामुळे सासूबाई म्हणायच्या, शाळा बुडवायचे बहाणे आहेत. दोन महिन्यांनी गुडघ्यातलं पाणी काढून तपासलं. पांढऱ्या पेशी 18,000, जंतू नाहीत, टीबी नाही. रक्तात आरए फॅक्टर निगेटिव्ह, एएनए पॉझिटिव्ह. लहान मुलांचा संधिवात आहे असं सांगून गुडघ्यात इंजेक्शन दिलं. सूज गेली, पण जुलैत तोच गुडघा पुन्हा सुजला. आता दुसरं इंजेक्शन दिलंय आणि आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्झेटची गोळी सुरू केलीय. तीन आठवडे झाले, सूज उतरलीय. सगळे म्हणतात, प्रतिकारशक्ती कमी म्हणून हे होतं. आम्ही गुळवेल आणि च्यवनप्राश सुरू केलं होतं. डॉक्टर मात्र म्हणतात, प्रतिकारशक्ती दाबायची. हे उलटं कसं? गोळीचं नाव नेटवर टाकलं की कॅन्सर येतो. पुढे नवरात्र आहे, तिला गरबा खेळायचाय. आता बरी आहे तर गोळ्या थांबवू का? माझं काही चुकलं का?

एक आई, बडोदा

उत्तर

ताई, गोळ्या थांबवू नका.

सूज उतरलीय ती दुसऱ्या इंजेक्शनमुळे. मेथोट्रेक्झेटचा गुण दिसायला साधारण 6 ते 12 आठवडे लागतात, आणि तुमच्या मुलीचे आत्ताशी तीन डोस झालेत. 'आता गरज नाही' म्हणून जी गोळी तुम्ही बंद करायला निघालात, तिचं काम अजून सुरूही झालेलं नाही. इंजेक्शनचा परिणाम हळूहळू ओसरेल, तेव्हा गुडघा शांत ठेवायला हीच गोळी हाताशी असेल. पहिल्या इंजेक्शननंतर काय झालं ते तुम्हीच लिहिलंय.

प्रतिकारशक्तीबद्दल तुम्ही विचारलंय, त्याचं उत्तर तुमच्याच रिपोर्टमध्ये आहे. निरोगी गुडघ्यातल्या पाण्यात एका घन मिलिमीटरला 200 पेक्षाही कमी पांढऱ्या पेशी असतात. तुमच्या मुलीच्या गुडघ्यात 18,000 निघाल्या, आणि जंतू तर एकही सापडला नाही. प्रतिकारशक्ती दुबळी असती तर या पेशी एवढ्या संख्येने तिथे आल्याच नसत्या. त्या आल्या आहेत, कामाला लागल्या आहेत, फक्त तिथे मारायला शत्रू नाही. त्यामुळे जे नुकसान होतं ते गुडघ्याचंच. आपण घरात प्रतिकारशक्तीचा विचार 'कमी की जास्त' एवढाच करतो. या आजारात कोणत्या पेशी, कुठे आणि काय करत आहेत हे पाहावं लागतं.

थोडं खोलात सांगते. एकदा हे कळलं की नातेवाइकांच्या दहा सल्ल्यांना उत्तर देणं तुम्हाला सोपं जाईल. सांध्याच्या आतल्या बाजूला एक नाजूक अस्तर असतं. निरोगी मुलात त्याचा वरचा थर एक ते तीन पेशींएवढाच जाड असतो. सांधा बुळबुळीत ठेवणारं पाणी तेच तयार करतं. हाडांच्या टोकांवर जी गुळगुळीत कूर्चा असते तिला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, तिचं पोषणही मुख्यतः याच पाण्यातून होतं. या संधिवातात रक्तातल्या टी पेशी अस्तरात शिरतात आणि तिथेच राहतात. टी पेशींचं काम परकं काय ते ओळखून इतरांना कामाला लावणं. त्या इंटरफेरॉन, इंटरल्यूकिन 17 अशी रसायनं सोडतात. त्यामुळे मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी चेतवल्या जातात, आणि त्या टीएनएफ, इंटरल्यूकिन 1 आणि इंटरल्यूकिन 6 ही दाह वाढवणारी रसायनं सोडू लागतात. मग अस्तरात नव्या रक्तवाहिन्या फुटतात, अस्तर जाड होतं, पाणी साठतं आणि त्या पाण्यात न्यूट्रोफिल पेशींची रीघ लागते. न्यूट्रोफिल म्हणजे पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार, अल्पायुषी. पण मरता मरता त्या जी विकरं (एन्झाइम) बाहेर टाकतात ती जंतूंसाठी असतात. इथे जंतू नसल्याने ती कूर्चेला लागतात. बी पेशीही यात असतात, त्या प्रतिपिंडं बनवतात. तुमच्या रिपोर्टमधलं एएनए हे त्यातलंच एक.

इंटरल्यूकिन 6 गुडघ्यात थांबत नाही. ते रक्तातून यकृताकडे जातं आणि यकृत सीआरपी नावाचं प्रथिन बनवू लागतं, म्हणून डॉक्टर ती तपासणी करतात. तेच रसायन शरीरातलं लोह अडवून ठेवायला लावतं, म्हणून अशा काही मुलांचं हिमोग्लोबिन लोहाचं औषध देऊनही वाढत नाही. मूल मरगळतं, खात नाही, वजन धरत नाही. घरच्यांना वाटतं, अंगात ताकद नाही. खरं तर आत चाललेल्या दाहातच त्याची ताकद खर्ची पडत असते. मात्र एकाच गुडघ्याचा आजार असेल तर सीआरपी आणि ईएसआर या दाह दाखवणाऱ्या दोन्ही रक्ततपासण्या अगदी नॉर्मलही येऊ शकतात. म्हणून रिपोर्ट चांगला आला तरी आजार नाही असं समजू नका.

आरए फॅक्टरचंही तसंच. तो मोठ्यांच्या संधिवाताच्या निदानात उपयोगी पडतो. मुलांच्या संधिवातात 100 पैकी जेमतेम 5 जणांत तो पॉझिटिव्ह असतो. सोळा वर्षांच्या आत सुरू झालेली, सहा आठवडे किंवा त्याहून जास्त टिकलेली, दुसरं कोणतंही कारण न सापडलेली सांध्याची सूज म्हणजे हा आजार. त्याचं निदान मुलाला हाताने तपासून होतं, एका रक्ततपासणीवर ते ठरत नाही. तुमच्या डॉक्टरांनी इंजेक्शनआधी टीबी नाही ना याची खात्री करून घेतली, हे फार चांगलं केलं. आपल्याकडे एकच गुडघा महिनोन् महिने सुजलेला असेल तर ती शंका घ्यायलाच हवी.

आता तोच गुडघा पुन्हा का सुजला? सूज उतरली की बहुतेक पेशी मरतात किंवा निघून जातात, पण सगळ्या नाही. काही टी पेशी 'स्मृतिपेशी' होऊन अस्तरातच मुक्काम करतात. रक्तात त्या फारशा सापडत नाहीत, बाहेरून गुडघा अगदी साधा दिसतो. भांडं विसळलं तरी कडेला लागून राहिलेलं विरजण नवं दूध घातलं की पुन्हा दही लावतं, तसं होतं. कुठे सर्दी-तापाचं निमित्त होतं, कुठे काहीच निमित्त लागत नाही, आणि तोच सांधा परत सुजतो. पालक येऊन सांगतात, 'त्याच गुडघ्यावर पुन्हा पडली असेल.' पडण्याशी त्याचा बहुतेक वेळा संबंध नसतो. नव्याने चालायला लागलेली, धावणारी मुलं रोजच पडतात. पडल्यावर सूज आपल्या नजरेस येते एवढंच.

शरीराकडे या पेशींना आवर घालणाऱ्या पेशीही असतात. त्यांना नियामक टी पेशी म्हणतात. जपानचे शिमोन साकागुची यांनी 1995 मध्ये त्या दाखवून दिल्या. त्या कामासाठी त्यांना मेरी ब्रंको आणि फ्रेड रॅम्सडेल यांच्यासह 2025 चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. या मुलांच्या सुजलेल्या गुडघ्यातल्या पाण्यात या नियामक पेशी कमी नसतात, उलट रक्तातल्यापेक्षा जास्तच असतात. नेदरलँड्समधल्या उट्रेख्तच्या संशोधकांनी दाखवलं की सुजलेल्या सांध्यातल्या भांडखोर टी पेशी त्यांना जुमानत नाहीत, आणि टीएनएफ व इंटरल्यूकिन 6 असलेल्या वातावरणात हा आडमुठेपणा वाढतो. मला ही गोष्ट फार आश्वासक वाटते. आवर घालणारी यंत्रणा तुमच्या मुलीच्या गुडघ्यात हजर आहे. औषधाने दाह कमी केला की तिला आपलं काम करायला वाव मिळतो. डॉक्टर 'प्रतिकारशक्ती दाबायची' म्हणाले तेव्हा त्यांच्या मनात हेच असावं. मुलीला जंतूंपुढे निराधार करायचा त्यांचा विचार नाही.

आणि कॅन्सरची भीती. मेथोट्रेक्झेट ज्या औषधांच्या कुळातलं आहे, ती औषधं 1940 च्या दशकात अमेरिकेत लेडर्ली कंपनीच्या प्रयोगशाळेत आपल्या आंध्रच्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या देखरेखीखाली तयार झाली, आणि रक्ताच्या कर्करोगाच्या मुलांवर पहिल्यांदा वापरली गेली. म्हणून नेटवर तसं दिसतं. पण तिथला डोस वेगळा आणि इथला वेगळा. संधिवातात मुलाच्या शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला 10 ते 15 मिलिग्रॅम, तेही आठवड्यातून एकदा. कर्करोगात काही वेळा याच्या शेकडो पट देतात. एवढ्या कमी डोसमध्ये ते पेशी मारत सुटत नाही, दाह शांत करतं. मुलांच्या संधिवातात ते उपयोगी पडतं हे 1992 मध्येच रीतसर चाचणीत सिद्ध झालंय, आणि तेव्हापासून जगभरची मुलं ते घेत आली आहेत.

धोका आहे तो चुकून रोज देण्याचा. हे वाक्य घरातल्या प्रत्येकाला वाचून दाखवा: ही गोळी आठवड्यातून एकदाच, रोज दिली तर जिवावर बेतू शकतं. आजोबा रोजच्या औषधांबरोबर प्रेमाने देतात, सुट्टीत मामाकडे गेल्यावर मामी रोज देते, अशा चुका घडू शकतात. वार ठरवा. गोळ्या वेगळ्या डबीत ठेवा, डबीवर तो वार मराठीत आणि घरात कामाला येणाऱ्या बाईंना वाचता येत असेल तर गुजरातीतही लिहा. फॉलिक अ‍ॅसिड कोणत्या दिवशी द्यायचं ते डॉक्टरांनी लिहिलं असेल, तसंच द्या. त्याने मळमळ आणि तोंड येणं कमी होतं. गोळी रात्री झोपताना दिली तर मळमळ झोपेत निघून जाते. तरीही ती कुरकुरत असेल, गोळी पाहूनच उलटी येत असेल, तर रागावू नका, हे खूप मुलांना होतं. डॉक्टरांना सांगा, याचं इंजेक्शनही मिळतं. ठरलेल्या तारखांना रक्तपेशी आणि यकृताच्या तपासण्या करा. सर्दी-खोकल्याला दुसऱ्या कोणत्याही डॉक्टरकडे गेलात तरी मेथोट्रेक्झेट चालू आहे हे आधी सांगा. सेप्ट्रानसारखं को-ट्रायमोक्साझोल हे अँटिबायोटिक असलेलं औषध याबरोबर द्यायचं नसतं. जोरात ताप आला किंवा वर्गात कुणाला कांजिण्या आल्या, तर पुढचा डोस देण्याआधी डॉक्टरांना फोन करा. गोवर-गालगुंड-रुबेला आणि कांजिण्यांसारख्या जिवंत लसी त्यांना विचारल्याशिवाय नकोत. फ्लूची सुईने द्यायची लस मात्र चालते, आणि द्यावी असं मी म्हणेन.

गुळवेल बंद करा. प्रतिकारशक्ती 'वाढवायला' म्हणून आपण ती देतो. या मुलीला ते नकोच आहे. शिवाय 2021 मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला सूज आल्याचं नोंदवलं. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, तो वाद आपण बाजूला ठेवू. पण मेथोट्रेक्झेट चालू असताना ज्या यकृतावर आपण रक्ततपासणीने लक्ष ठेवतो, त्यावर आणखी एक शंकास्पद गोष्ट लादायची कशाला? लेबल नसलेल्या पुड्या तर अजिबात नकोत. त्यात स्टेरॉइड मिसळलेलं निघतं, मूल चार दिवसांत नाचू लागतं आणि मग चेहरा सुजतो, वाढ खुंटते. तूप, मेथीचा किंवा डिंकाचा लाडू, दही, आंबट, बटाटा, काहीही तोडू नका. कुठलाही पदार्थ वर्ज्य केल्याने हा आजार हटत नाही. दूध, डाळ, अंडं खात असाल तर अंडं, हे भरपूर द्या. सासूबाईंना लाडू करू द्या.

त्यांनी 'बहाणे' म्हटलं, ते मनाला लावून घेऊ नका आणि त्यांनाही ऐकवू नका. रात्रभर सांधा हलत नाही, तेव्हा सुजलेलं अस्तर आणि साठलेलं पाणी यांनी तो आखडतो. चालू-फिरू लागलं की मोकळा होतो. सकाळी लंगडणं आणि दुपारी धावणं हीच या आजाराची खूण आहे. त्यात मुलं 'दुखतंय' असं फारसं म्हणत नाहीत. ती गपचूप सवय बदलतात: उकिडवं बसणं सोडतात, जिना एकाच पायाने उतरतात, कडेवर घ्या म्हणतात. माझ्या समोर बसलेल्या कितीतरी आयांना हे ऐकून रडू आलंय, कारण त्यांनी ते सगळं पाहिलेलं असतं.

तुमचं काही चुकलेलं नाही. या आजाराकडे कल असणारी काही जनुकं असतात, विशेषतः एचएलए गटातली, म्हणजे टी पेशींना 'हे बघ काय सापडलं' असं दाखवणाऱ्या प्रथिनांची. पण नुसत्या जनुकांनी तो होत नाही. अगदी एकसारख्या जुळ्यांतही एकाला झाला म्हणून दुसऱ्याला होतोच असं नाही. घसरगुंडी, बडोद्याचा पावसाळा, थंड पाणी, गरोदरपणात तुम्ही काय खाल्लं, यातलं काहीही कारण नाही.

तुमच्या पत्रात डोळ्यांचा उल्लेख नाही, आणि त्याची मला सगळ्यात जास्त काळजी वाटतेय. सहा वर्षांची मुलगी, थोडेच सांधे, एएनए पॉझिटिव्ह: अशा मुलांत डोळ्याच्या आतही हाच दाह होऊ शकतो. त्याला युव्हियाटिस म्हणतात. डोळा लाल होत नाही, दुखत नाही, पाणी येत नाही. मूल तक्रारच करत नाही आणि नजर कायमची जाऊ शकते. नेत्रतज्ज्ञ स्लिट लॅम्पने, म्हणजे प्रकाशाची बारीक रेघ टाकणाऱ्या सूक्ष्मदर्शकाने बघतात तेव्हा डोळ्याच्या पुढच्या कप्प्यातल्या पाण्यात तरंगणाऱ्या पांढऱ्या पेशी त्यांना प्रत्यक्ष दिसतात. त्या आहेत की नाहीत हे कळायला दुसरा मार्ग नाही. चष्म्याच्या दुकानातली नंबर तपासणी इथे कामाची नाही. अजून ही तपासणी झाली नसेल तर याच आठवड्यात करून घ्या, आणि पुढची काही वर्षं दर तीन महिन्यांनी. गुडघा पूर्ण बरा असला तरीही, कारण डोळा गुडघ्याची वाट बघत नाही. सयाजी हॉस्पिटलच्या नेत्रविभागात दाखवलंत तरी चालेल, फक्त कागदावर 'मुलांचा संधिवात, एएनए पॉझिटिव्ह' असं लिहून न्या.

जाताजाता, तिला सरळ झोपवून दोन्ही पायांची लांबी बघा. गुडघ्यातल्या दाहाने तिथला रक्तपुरवठा वाढतो आणि शेजारच्या हाडांची वाढ जलद होते, त्यामुळे सुजणारा पाय लांब होऊ शकतो. त्याच बाजूची मांडी बारीकही होते. फरक वाटला तर डॉक्टरांना सांगा, फिजिओथेरपिस्टची मदत घ्या.

गरबा जरूर खेळू द्या. गुडघा सुजलेला नसेल तर नाचण्याने तो बिघडत नाही, उलट मांडीचे स्नायू भरतात. दमली की बसू द्या, दुसऱ्या दिवशी सकाळी आखडली तर पुढची रात्र थोडी कमी खेळू द्या. सूज परत आली, तर मात्र उड्या आणि बैठकीच्या चाली थांबवून आधी डॉक्टरांना दाखवा.

गोळ्या कधी थांबवायच्या, हा प्रश्न रास्त आहे, फक्त त्याची वेळ अजून आली नाही. आधी गुडघा आणि डोळे पूर्ण शांत व्हायला हवेत, आणि मग कित्येक महिने तसेच राहायला हवेत. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात, आजार शांत झाल्यावर सहा महिन्यांनी औषध थांबवलेल्या आणि बारा महिन्यांनी थांबवलेल्या, दोन्ही गटांत निम्म्याहून थोड्या जास्त मुलांना दोन वर्षांत पुन्हा त्रास झाला. भक्षक पेशी आणि न्यूट्रोफिल सोडतात ते एमआरपी 8/14 नावाचं प्रथिन ज्यांच्या रक्तात जास्त होतं, त्यांच्यात तो परतण्याची शक्यता अधिक होती. म्हणजे बाहेरून सगळं ठीक दिसत असताना आत पेशी जाग्या असू शकतात. पुन्हा त्रास झाला तरी हातात उपाय आहेत: परत इंजेक्शन, परत मेथोट्रेक्झेट, आणि त्याने भागलं नाही तर अडालिमुमॅबसारखी टीएनएफला अडवणारी जैविक औषधं. त्याची परवडणारी भारतीय आवृत्ती 2014 पासून मिळते, ती आधी काढली ती अहमदाबादच्याच कंपनीने. डोळ्यांचा दाह हटत नसेल तेव्हाही तीच कामी येते.

शाळेत बाईंना एक चिठ्ठी द्या: सकाळच्या पहिल्या तासाला तिला खुर्चीवर बसू द्यावं, मध्ये उठून चालू द्यावं, आणि खेळाच्या तासाला मैत्रिणींबरोबर खेळू द्यावं, बाजूला बसवून ठेवू नये. डोळे तपासले की काय निघालं ते मला कळवा.